नापासाला फरशी नाही

रविवार, २८ जानेवारी १९९०. धुळ्यातल्या आमच्या वस्तीच्या विहारात सकाळी बैठक बसली तेव्हा चटईवर एक हजार एकशे चाळीस रुपये होते आणि पाच माणसं हजर होती. मंडळाचे अध्यक्ष आबा, गिरणीतून निवृत्त झालेले. प्राथमिक शाळेतले गुरुजी, जे संध्याकाळी विहारात पोरांना फुकट शिकवत. महिला मंडळाच्या अक्का. खजिनदार म्हणून मी. पाचवा माझा धाकटा भाऊ. तो सभासद नव्हता, म्हणून उंबऱ्याबाहेर उभा होता.

सत्तावन्न घरांनी घरटी वीस रुपये दिले होते. जयंतीसाठी स्वतःचा लाउडस्पीकर घ्यायचा, दर वर्षी भाडं भरायचं नाही, असं ठरलं होतं. पण बैठक त्यासाठी बोलावलेली नव्हती. बैठक अक्कांनी बोलावली होती आणि कारण माझा भाऊ होता.

तो तेव्हा वीस वर्षांचा होता. आग्रा रोडवर टायर पंक्चरच्या दुकानात कामाला. दहावीला दोनदा बसलेला. बाकीचे विषय निघाले, गणित राहिलं. रस्त्यापलीकडे एक व्हिडिओ हॉल होता. तिथे दोन रुपयांत तो ब्रेक डान्स पाहून आला आणि मग त्याला दुसरं काही सुचेना. त्या काळात जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक गल्लीत एखादा तरी पोरगा हाताला करंट लागल्यासारखा चालायचा, त्यामुळे यात नवल नव्हतं. नवल हे, की तो खरोखर चांगला नाचायचा. पाठीवर पडून, गुडघे छातीशी घेऊन असा फिरायचा की चेहरा कुठे आणि पाय कुठे ते कळत नसे. पोरं त्याला भवरा म्हणायची.

भवऱ्याला गुळगुळीत जमीन लागते. आमच्या वस्तीत शेणाने सारवलेली घरं, खडबडीत कोबा आणि मातीचे रस्ते. गुळगुळीत जागा एकच होती, विहाराची पॉलिश केलेली कोटा फरशी. ती वर्षभरापूर्वी बसवली होती आणि तिच्यावर चप्पल तर सोडाच, धुळीचे पाय घेऊनही कोणी येत नसे.

"मी काय आंधळी शे का?" अक्का म्हणाल्या. "वंदना सरनी नही सरनी, ह्या पोरे आत घुसतस. पाठवर पडीसन गरगर फिरतस. अन् पाय कोठे? मूर्तीकडे!"

"पाय एक जागे कोठे राहतस, अक्का?" आबा म्हणाले. "मूर्तीकडे येतस अन् लगेच जातस."

गुरुजींना हसू आलं. अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते छताकडे बघू लागले.

मग आबांचा स्वर बदलला. ते माझ्या भावाला म्हणाले, "हे बघ. आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या लग्नात वाजवलं, दुसऱ्याच्या दारात नाचून भाकर आणली. आम्ही ते सोडलं. सोडताना उपाशी राहिलो. आता तू पुन्हा आपली पोरं नाचायला लावतोस?"

घरी आणि वस्तीत आम्ही बहुतेक अहिराणी बोलायचो, पण त्या दिवशी आबांच्या पाठोपाठ भाऊही शाळेतल्या भाषेत बोलला. म्हणाला, "आबा, ते दुसऱ्याच्या दारात नाचले. मी माझ्या घरात नाचतो. त्यांना थांबा म्हटलं की थांबावं लागायचं. मला कोण थांबवणार?"

"मी," अक्का म्हणाल्या.

सगळे हसले, तोही हसला. मग त्याने मुद्दा मांडला. गुरुजींच्या शिकवणीला तीन पोरं येतात. फरशीवर नाचायला तीस पोरं येतील. तर असं करू. वंदना झाली की आधी एक तास शिकवणी, मग एक तास फरशी. जो शिकवणीला बसेल त्यालाच फरशी. आणि जो शाळेत नापास होईल त्याची फरशी बंद, पुढच्या परीक्षेत पास होईपर्यंत.

गुरुजी म्हणाले, "आणि तुझी गणिताची परीक्षा मार्चमध्ये आहे, त्याचं काय?"

"नापासाला फरशी नाही," तो म्हणाला. "पहिला नियम मलाच."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, विषय घरचा आहे, माझं मत धरू नका. मग तिघांनी ठरवलं. लाउडस्पीकर पुढच्या वर्षी. आत्ता एक जुना टू-इन-वन टेपरेकॉर्डर, दोन ट्यूबलाइट आणि शिकवणीसाठी सतरंजी. मूर्तीचा प्रश्न अक्कांनीच सोडवला. आपली दोन पांढरी लुगडी जोडून त्यांनी पडदा शिवला. शिकवणी संपली की पडदा ओढायचा, नाच संपला की उघडायचा, आणि ओढण्याआधी सगळ्यांनी हात जोडायचे. पडदा ओढायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटाला शिकवणीत चौतीस पोरं होती. मी खोटं सांगत नाही. सतरंजी पुरेना म्हणून गोणपाट अंथरले होते. त्यात असे पोरगे होते ज्यांना त्यांच्या आयांनीही पाटी धरलेलं पाहिलं नव्हतं. एक चौदा वर्षांचा होता. त्याची आई दुसऱ्यांच्या बांधकामावर विटा वाहायची आणि तो नदीकाठच्या भट्टीची दारू टायरच्या ट्यूबमध्ये भरून, ट्यूब सदऱ्याखाली पोटाला बांधून पोचवायचा. त्याला सगळे ट्यूबवाला म्हणत. फरशीसाठी त्याने पहिल्यांदा पाचवीचं पुस्तक उघडलं. भट्टीवाल्याचा माणूस त्याला बोलवायला आला तेव्हा तो म्हणाला, "आते टाइम नही. मना पाढा बाकी शे." वस्तीत हे वाक्य महिनाभर चाललं. उसने पैसे मागणाऱ्यालाही लोक म्हणू लागले, मना पाढा बाकी शे.

पाढ्यांची युक्ती माझ्या भावाचीच. तो तोंडाने ढोल-झांजांसारखा ठेका धरायचा आणि पोरं त्या ठेक्यावर एकोणतीसचा पाढा म्हणायची. चुकलेल्याने जागेवर गोठून उभं राहायचं, पुतळ्यासारखं, पुढचा पाढा संपेपर्यंत. मुली फरशीवर येत नसत, ते त्या काळात शक्यच नव्हतं. पण पाढ्यात त्यांचे आवाज सर्वांत वर असत. एकदा आबा दारात उभे राहून ऐकत होते. अचानक आत आले आणि त्याच ठेक्यावर औटकी म्हणू लागले. साडेतीनचा पाढा. बे औट सात, त्रिक औट साडेदहा, चोक औट चौदा. पोरांनी असलं काही ऐकलं नव्हतं. आबांना शाळेत आत बसू दिलेलं नव्हतं; ओट्यावर बसून, भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी ते पाठ केलं होतं. माझ्या भावाने ठेका वाढवत नेला आणि आबा थांबले नाहीत. दहा औट पस्तीसला पोरांनी छत डोक्यावर घेतलं. म्हातारा घामाघूम झाला होता. म्हणाला, "पन्नास वर्षात कोणी विचारलं नव्हतं."

फरशीवर एक खडा राहिला तर पाठ सोलून निघते, म्हणून पोरं रोज झाडायची, पुसायची, मग कॅरमची पावडर टाकायची. विहार इतका स्वच्छ कधी नव्हता. पंक्चरच्या दुकानाशेजारी ट्रकच्या सीटची कव्हरं शिवणारा होता. त्याच्याकडचे रेक्झिनचे तुकडे आणून भावाने पोरांच्या जुन्या सदऱ्यांच्या पाठीवर शिवून घेतले. रेक्झिन फरशीवर सरकतं. वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर लाल, हिरवे, पिवळे चौकोन दिसत. एका बाईने मला विचारलं, हे कुठल्या पक्षाचं?

जयंतीला मिरवणुकीत ते ट्रॉलीवर फळ्या टाकून नाचले. सोनगीरला नाचले, पारोळ्याच्या बाजारात नाचले. पोरं नाचायची, गर्दी जमायची, आणि गर्दी जमली की गुरुजी पुढे येऊन विचारायचे, कोणाचा मुलगा शाळेतून काढलाय, हात वर करा. हात वर होत. उन्हाळ्यात त्यांनी त्या दोन गावांतले सात मुलगे वसतिगृहात घातले. तमाशाने नाही जमलं, भाषणाने नाही जमलं, भवऱ्याने जमलं, असं गुरुजी म्हणाले.

भावाचा अभ्यास मी घ्यायचो, पहाटे, माझ्या ऑफिसच्या आधी. मी सरकारी कार्यालयात लेखा विभागात होतो. आकडे मला कधी जड गेले नाहीत, आणि त्याला का जातात ते मला समजत नसे. ठेक्याचे सोळा भाग तो चटकन पाडायचा. तिसऱ्या आणि सातव्यात कोणाचा पाय कुठे, ते आठ पोरांचं त्याला तोंडपाठ. पण कागदावर आलं की थांबायचा.

"भाऊ, क्ष म्हणजे किती?"

"तेच काढायचं आहे."

"माहीत नाही तर आधीच कसं लिहायचं?"

"धरून चालायचं."

"तुम्ही ऑफिसात धरून चालता का?"

माझी बायको चहा ठेवता ठेवता हसायची. "भाऊजी बरोबर बोलतात," म्हणायची. तो मार्चमध्ये परीक्षेला बसला तेव्हा म्हणाला, पेपर बरा गेला. मीही प्रश्नपत्रिका सोडवून पाहिली आणि त्याची उत्तरं ताडली. काठावर होता. मी त्याला सांगितलं नाही, काठावर आहेस म्हणून. माझी बायको म्हणाली, सांगू नका, झोपू द्या त्याला.

मे महिन्यात पोरांचे शाळेचे निकाल आले. चौतिसांपैकी एकोणतीस पास. पाच नापासांना त्याने स्वतः फरशीबाहेर काढलं. त्यातला एक रडत पायरीवर बसला, तर हा त्याच्याशेजारी बसून राहिला, पण आत सोडलं नाही. ट्यूबवाला पास झाला होता. त्याची आई प्रगतिपुस्तक घेऊन घरोघर फिरली. तिला वाचता येत नव्हतं. प्रत्येक घरी कोणीतरी वाचून दाखवायचं आणि ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

त्याच सुमारास जळगावहून बोलावणं आलं. तिथल्या एका मंडळाची ब्रेक डान्सची स्पर्धा होती, जूनच्या शेवटच्या शनिवारी. पहिला येईल त्या संघाला वर्षभर जिल्ह्यातल्या गावोगावच्या कार्यक्रमांत नेणार होते, येण्या-जाण्याचा खर्च देऊन. माझ्या भावाला बक्षिसापेक्षा हे हवं होतं. त्याच्या मनात गावोगावी असे वर्ग काढायचे होते, आधी एक तास शिकवणी, मग एक तास फरशी. गुरुजींनी तर गावांची नावंही काढून ठेवली होती. सगळा नाच त्याच्या भवऱ्याभोवती बसवलेला होता. शेवटच्या सोळा ठेक्यांत आठ पोरं गोल धरणार आणि मधे तो फिरणार.

दहावीचा निकाल स्पर्धेच्या आठ दिवस आधी लागला. गणितात तो नऊ गुणांनी गेला.

मी दुपारी शाळेतून निकाल आणला. दुकानात जाऊन त्याच्या हातात दिला. तो ट्रकचं चाक खोलत होता. हात पुसून त्याने कागद घेतला, पाहिला आणि म्हणाला, "मायले मी सांगस. तुम्ही नका सांगू."

संध्याकाळी तो विहारात गेला. नेहमीसारखी फरशी पुसली, पावडर टाकली, टेप लावला. अक्कांनी पडदा ओढला. मग तो बाहेर येऊन पायरीवर बसला, त्या पाच नापासांच्या ओळीत. पोरं आत उभीच राहिली.

बातमी वस्तीत पसरलीच होती. आबा आले, गुरुजी आले.

आबा म्हणाले, "अरे, नियम पोरांसाठी होता. तू मास्तर आहेस त्यांचा."

"मास्तर नापास आहे, आबा."

"ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा आहे," गुरुजी म्हणाले. "तोवर नियम बाजूला ठेवू. स्पर्धा होऊ दे. कोणाचं काही म्हणणं नाही."

"ह्या पाचांचं आहे," तो म्हणाला. पायरीवरच्या पाचांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

अक्का पडद्याचं टोक हातात धरून दारात आल्या. ज्यांनी त्याला बाहेर काढायला बैठक बोलावली होती त्याच म्हणाल्या, "चाल मना बाप. आत चाल. मी सांगी राहिनू ना."

त्याने नाही म्हणून मान हलवली.

मी म्हणालो, "गुरुजींचं बरोबर आहे. ऑक्टोबरपर्यंत सवलत द्यायला हरकत नसावी."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. "भाऊ, तुम्ही ऑफिसात असं करता? मोठ्या माणसाचं बिल असेल तर सवलत देता?"

मी कधीच दिली नव्हती. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची, आणि तो ती ऐकतच मोठा झाला होता.

त्या आठवड्यात तो रोज उंबऱ्याबाहेर उभा राहून शिकवत राहिला. हाताने दाखवायचा, तोंडाने ठेका धरायचा, पाय आत टाकायचा नाही. आपल्या जागेवर त्याने ट्यूबवाल्याला बसवलं. पोरगा हलका होता, त्याचा भवरा छान व्हायचा; मास्तरसारखा लांब नाही, पण वेगवान.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही अकरा जण निघालो. नऊ पोरं, तो आणि मी. बायकोने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पोरं खिडकीतून प्रत्येक केळीच्या ट्रकला हात करत होती. तो मागच्या सीटवर बसून पोरांच्या कपाळपट्ट्यांच्या गाठी घट्ट करत होता. मैदानावर लाकडी स्टेज होतं. त्याने त्यावर हात फिरवला, फळ्यांच्या फटी पाहिल्या, आयोजकांकडून रेक्झिनचा मोठा तुकडा मागून आणला आणि खिळे ठोकून बसवला. एक आयोजक त्याला म्हणाला, "तुम्हीच ते धुळ्याचे ना? सोनगीरला पाहिलं होतं तुम्हाला. आज बघायलाच आलोय." तो म्हणाला, "आज पोरं आहेत."

त्यांचा नंबर चौथा होता. पोरांनी असा नाच केला की मी तो आजही डोळे मिटून पाहू शकतो. करंट एकाच्या बोटातून निघून नवव्याच्या बोटापर्यंत गेला आणि तिथून परत आला. मागे बसलेले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग शेवटचे सोळा ठेके आले. पोरांनी गोल धरला.

आणि मधे कोणी गेलं नाही.

ट्यूबवाला गोलातच उभा होता, इतरांबरोबर. नऊ जणांनी गुडघे टेकून, हात मधे करून, सोळाच्या सोळा ठेके त्या मोकळ्या जागेभोवती फिरत काढले. जणू कोणी आत आहे. टाळ्या थांबल्या. लोकांना वाटलं पोरगा विसरला. माझा भाऊ स्टेजच्या खाली उभा राहून ओरडत होता, "जा! जा ना आत!" ठेके संपले, टेप थांबला.

परीक्षकांपैकी एका सफारीवाल्या गृहस्थांनी माइकवर विचारलं, "मधली जागा रिकामी का ठेवली?" पोरं माझ्या भावाकडे बघू लागली. ते म्हणाले, "बसवणी अपुरी आहे," आणि लिहून घेतलं. संघ तिसरा आला. तिसऱ्याला एक कप होता. गावोगावचे कार्यक्रम पहिल्याला गेले.

परतीच्या गाडीत माझ्या भावाने ट्यूबवाल्याला शेजारी बसवलं.

"तुला सांगितलं होतं ना, तू घे?"

"हाव."

"मग?"

"ती जागा तुम्हनी शे."

"अरे, आपण हरलो!"

पोरगा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "हरनूत ते हरनूत. नियम तुम्हले शे, तसा आम्हलेबी शे. ज्यानी जागा त्यानीच."

धुळं येईपर्यंत माझ्या भावाने आपला हात पोराच्या डोक्यावरून काढला नाही. पण घरी आल्यावर आईला म्हणाला, "माय, मनामुये हरनात पोरे." तेवढंच. पुन्हा कधी त्याने जळगावचं नाव काढलं नाही.

त्याने ऑक्टोबरसाठी खरा अभ्यास केला. दुकानातून आला की पुस्तक. पहाटे माझ्याबरोबर. क्ष धरून चालायलाही शिकला. मी पुन्हा पेपर तपासला आणि या वेळी मला वाटलं, सुटला. डिसेंबरात निकाल आला. चार गुण कमी पडले.

पंधरा दिवसांनी तो सुरतेला गेला. ओळखीचा एक जण पॉवरलूमवर होता. आईला सांगितलं, मार्चपर्यंत जातो, फॉर्म भरून ठेवा. मी फॉर्म भरून ठेवला. विहारात तो निरोप घ्यायला गेला तेव्हा पोरं म्हणे गोल धरून उभी होती. आत या म्हणत होती. तो उंबऱ्यावरूनच परत फिरला.

सुरतेहून सुरुवातीला दर पंधरवड्याला कार्ड यायचं. तब्येत बरी आहे. पोरांचे पाढे चालू ठेवा. मार्चमध्ये तो आला नाही. त्याची जागा परीक्षेच्या खोलीत रिकामी राहिली, हे शाळेतल्या शिपायाने मला सांगितलं. मग कार्डं विरळ झाली.

इकडे फरशी ओस पडत गेली. टेप होता, पावडर होती, अक्का पडदा ओढायला वेळेवर येत. पण उंबऱ्याबाहेरून कोणी ठेका धरत नव्हतं. चौतिसांची एकवीस झाली, एकविसांची नऊ. भट्टीवाल्याचा माणूस पुन्हा वस्तीत दिसू लागला. ट्यूबवाला शेवटपर्यंत यायचा. एकटाच फरशी पुसायचा आणि शिकवणीला बसायचा. नाचायचा नाही. गुरुजींनी एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, "मास्तर येऊ द्या."

जून १९९१मध्ये आबांनी बैठक बोलावली. ठराव एका मिनिटात झाला. नियम शिकवणाऱ्याला लागू नाही. माझ्या भावाला मंडळाचा शिक्षक नेमावं, दरमहा शंभर रुपये मानधन द्यावं, आणि कोणीतरी जाऊन त्याला घेऊन यावं. अक्कांनी सांगितलं, "त्याले सांग, मी पडदा काढी टाकसू. पाय कोठेबी करू दे." आबांनी ठरावाखाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि नवापूरमार्गे सुरतेला गेलो. कार्डावरच्या पत्त्यावर एक लांबट खोली होती, तिच्यात चौदा जणांचे बिछाने गुंडाळून ठेवलेले. लूमवरून सुटलेली दोन पोरं झोपली होती. उठवून विचारलं. ती म्हणाली, तो नाही. आठवडा झाला. कोणी ठेकेदार माणसं घेऊन गेला, त्यात गेला. कुठे? एक म्हणाला वापी, दुसरा म्हणाला सिल्वासा. खाली खानावळ आहे, तिथल्या बाईला विचारा.

खानावळीची बाई अमळनेरकडची होती. मी तोंड उघडताच तिने ओळखलं. "तुम्ही त्याना भाऊ. त्याना नाकसारखं नाक शे." तिने मला पाणी दिलं, जेवायला बसवलं. सांगू लागली की तो जेवायला बसला की ताटावर बोटांनी वाजवायचा आणि लूमवरच्या लहान पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचा. "माले पहिले वाटनं, येडा शे. मंग मना पोर्‍याबी शिकना. आते त्याले बाराना पाढा येस." तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा दारात उभा होता. तिने म्हण म्हटलं, तर तो लाजून आत पळाला.

"जाताना काही सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगं ना. सांगे, मावशी, घर जासू, पण मना गणित बाकी शे."

मी वापीला गेलो, सिल्वासाला गेलो. त्या वर्षी दोनदा, पुढच्या वर्षी एकदा. ठेकेदार सापडला, त्याच्याकडे त्या नावाचा माणूस दोन महिने होता आणि मग नव्हता. आई सहा वर्षं वाट पाहून गेली. त्याचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही. आबांचा ठराव त्याला कधी कळला नाही.

त्या दिवशी सुरतेहून निघताना मी बाईला विचारलं, त्याचं काही देणं आहे का. ती नाही म्हणत राहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, मे महिन्याचं जेवण राहिलंय. माझ्या भावाच्या जेवणाचे एकशे शहाऐंशी रुपये मी तिच्या हातात मोजून दिले.